भिंतीला भोक पाडण्याआधी



उन्हाळा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. पापड-कुरडयांच्या चौकशीबरोबर एसीच्या तक्रारी येऊ लागतात. या वेळी तीन पत्रं अशी आली, की तिघींना एकत्रच उत्तर द्यावं असं वाटलं.

जळगावच्या भगिनी लिहितात, "आमच्याकडे नवा एसी बसवला. दोन मुलं आली आणि पाऊण तासात काम उरकून गेली. हे काम इतक्या लवकर होतं का? मी तिथे उभी होते, पण पाहायचं काय तेच कळत नव्हतं."

नाशिकच्या भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. "घरात सहा माणसं. थंडीत गीझर सकाळभर चालू. दुकानदार म्हणतो, हीट पंपवालं पाणी तापवायचं यंत्र घ्या, वीज एक तृतीयांश लागेल. हे खरं का? आणि त्यात काही धोका तर नाही ना?"

तिसरं पत्र सोलापूरचं. "मुलगा यंदा दहावीला आहे. आयटीआयला जाऊन एसी-फ्रिजचं काम शिकायचं म्हणतो. सासूबाई म्हणतात, शिकूनसवरून लोकांच्या भिंतीवर लोंबकळणार का? मी कोणाची बाजू घेऊ?"

पाहा, एकीने काम करून घेतलंय, दुसरी करून घेणार आहे आणि तिसरी हे काम करायला निघालेल्या मुलाची आई आहे. विषय तिघींचा एकच.

मी काही इंजिनीअर नव्हे. बी. ए. झालेली, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. पण आमच्या सोसायटीत आयटीआयचे एक निवृत्त शिल्प निदेशक राहतात. या विषयावर त्यांच्या घरी चार संध्याकाळी बसले, यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचल्या, आणि मग हे लिहायला घेतलं.

हीट पंप म्हणजे काय?

शब्द नवा वाटतो, पण वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपला फ्रिज हाही एक हीट पंपच. पाण्याचा पंप खालचं पाणी गच्चीवर चढवतो, तसा हा पंप एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकतो. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला तर ऊन लागतं, ती बरीचशी आतल्या दुधाभाजीची उष्णता. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. पाणी तापवणारा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन टाकीतल्या पाण्यात सोडतो.

"पण थंडीच्या हवेत उष्णता कुठली?" असं तुम्ही विचाराल. इंजेक्शनआधी नर्सबाई दंडाला स्पिरिट लावतात, तेव्हा कसं गार वाटतं? स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. या यंत्रातला वायू तर स्पिरिटपेक्षा कितीतरी चटकन उकळणारा. हल्ली एसीत येणारा आर-३२ हा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांना उकळतो. त्याच्या मानाने नाशिकची दहा अंशांची पहाट म्हणजे ऊबच की! हवेतून उष्णता घेतलेला हा वायू कॉम्प्रेसर दाबतो, आणि दाबला की तो तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते ना, तसंच. ही ऊब पाण्याला द्यायची, वायू पुन्हा सैल सोडायचा, की तो पुन्हा गार. चक्र चालू.

यात विजेने उष्णता तयार करायची नसते, फक्त वाहून न्यायची असते. म्हणून वीज कमी लागते.

धोका कुठे असतो?

मिक्सर किंवा टीव्ही कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येतो. स्प्लिट एसीचं तसं नाही. आतलं युनिट वेगळं, बाहेरचं वेगळं, आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर जोडल्या जातात. म्हणजे यंत्राचं शेवटचं काम कारखान्यात होत नाही, ते तुमच्या दिवाणखान्यात होतं. ते जसं होईल तसं यंत्र पुढे दहा वर्षं चालेल. म्हणून पैसे किती लागले याच्याइतकंच काम कसं झालं, हे पाहणं महत्त्वाचं.

मेकॅनिक येण्याआधी तीन गोष्टी आपण करून ठेवाव्यात.

पहिली वीज. दीड टनाचं यंत्र साधारण दीड हजार वॅट किंवा त्याहून थोडी अधिक वीज घेतं. त्याला मीटरजवळच्या पेटीपासून स्वतंत्र लाईन हवी आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा. दिव्याच्या किंवा मोबाईलच्या प्लगवरून जोड काढायचा नाही, एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नाही. वायर तांब्याची हवी. या कामाला बहुधा ४ चौरस मिलिमीटरची घालतात, पण नेमकी जाडी यंत्राच्या पुस्तिकेत पाहावी. ही नवी लाईन परवानाधारक वायरमनकडूनच टाकून घ्यावी. एसीवाला कितीही चांगला असला तरी दोन्ही कामं एक नव्हेत.

याच वेळी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते! पेटीत एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला धक्क्यापासून वाचवणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी, आणि घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवा.

दुसरी जागा. बाहेरच्या युनिटला श्वास घ्यायला मोकळी हवा लागते. बंदिस्त डक्टमध्ये, कपड्यांच्या गर्दीत किंवा खिडकीच्या पेटीत कोंबलं तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा घेतं आणि वीज खातं. समुद्राजवळ राहणाऱ्या भगिनींनी कंस आणि नटबोल्ट गंज न धरणारे आहेत ना, हे विचारून घ्यावं. खारी हवा लोखंड किती लवकर खाते, हे रत्नागिरीच्या आणि पणजीच्या बायकांना मी काय सांगावं! आणखी एक, दुरुस्तीला आलेला माणूस तिथपर्यंत सुखरूप पोचेल अशी जागा निवडा. शक्य असेल तर युनिट बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवा.

तिसरी भिंत. भोक पाडायच्या जागी आत विजेची किंवा पाण्याची नळी गेलेली नाही ना, हे घरातल्या जाणत्या माणसाकडून समजून घ्या. इमारतीच्या काँक्रीटच्या खांबाला आणि तुळईला भोक पाडू देऊ नका. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि एसीचं पाणी बाहेर जातं.

कामाच्या दिवशी काय पाहावं?

आता जळगावच्या भगिनींचं उत्तर. तांब्याच्या नळीचं तोंड फुलासारखं पसरवून ती नटाने आवळतात. त्याला फ्लेअर म्हणतात. नळी कापल्यावर कडेचा कीस काढायचा, तोंड एकसारखं पसरवायचं आणि नट ठराविक जोराने आवळायचा. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर तोंड चिरतं. यासाठी टॉर्क पाना असतो. नुसत्या मनगटाच्या अंदाजावर काम करणारे पुष्कळ आहेत.

मग जोड गळत नाहीत ना, हे कोरडा नायट्रोजन वायू दाबाने भरून पाहतात. सांध्यांना साबणाचा फेस लावला की बुडबुडे सांगतात. इथे एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही चालत नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबातला ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी आहे म्हणून वापरणाऱ्यांनी जीव गमावले आहेत.

नंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढून टाकतात. ओल राहिली तर ती तेलात मिसळून आम्ल तयार करते, आणि ते कॉम्प्रेसरला आतून खातं. हे काम नीट व्हायला एकट्या पंपालाच वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून अधिक लागतात. पंप बंद केल्यावर मीटरचा काटा जागच्या जागी थांबतो का, हेही पाहायचं असतं. काहीजण पंप आणतच नाहीत. यंत्रातलाच थोडा वायू सोडून "हवा काढली" म्हणतात. भोक, कंस, नळ्या, तपासणी, पंप हे सगळं पाऊण तासात बसत नाही हो. नीट कामाला दोन-तीन तास धरावेत.

झालेल्या कामाचं आता काय करायचं? घाबरू नका. जाणत्या माणसाला बोलावून सांधे फेसाने तपासून घ्या, बाहेरचे कंस आणि अर्थिंग पाहून घ्या. सांध्याभोवती तेलकट डाग दिसले, बारीक नळीवर बर्फ धरू लागला किंवा गारवा कमी वाटू लागला, तर गळती आहे असं समजा.

आणि "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" यावर विश्वास ठेवू नका. हा वायू चुलीसारखा जळत नाही, संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला आहे. आधी गळती शोधायची, सांधा दुरुस्त करायचा, मगच भरायचा. तोही वजनकाट्यावर मोजून, कारण यंत्रावरच्या पट्टीवर वायूचं नाव आणि वजन दोन्ही छापलेलं असतं.

वायूचं नाव वाचायला शिका

रेशनच्या पिशवीवरचं वजन आपण वाचतो, तशी ही पट्टीही वाचावी. जुन्या यंत्रांत आर-२२ असे. तो ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठरला, आणि आपल्या देशात तो २०३० पर्यंत जवळजवळ संपायचा आहे. त्यानंतर आर-४१०ए आला. तो पेट घेत नाही, पण त्याचा दाब आर-२२ पेक्षा सुमारे दीडपट. म्हणून जुन्या वायूची नळी आणि मीटर त्याला चालत नाहीत. शिवाय तो एक किलो हवेत सोडला, तर पृथ्वी तापवण्याच्या कामी दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो.

आता बहुतेक नव्या एसींत आर-३२ असतो. तो मंद पेट घेणारा. काही यंत्रांत आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या मिश्रणातलाच एक वायू. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण यंत्रातल्या प्रोपेनला तसा वास नसतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, म्हणून गळाले तर जमिनीलगत साठतात. याचा अर्थ ही यंत्रं घेऊ नयेत असा नाही. वायू मोजका असतो, नळ्यांत बंद असतो. पण काम चालू असताना देवाजवळचा दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट यांना सुट्टी. खिडक्या उघड्या. लहान खोलीला मोठं यंत्र घेण्याआधी "या यंत्राला किमान केवढी खोली लागते?" हे पुस्तिकेत पाहावं. आर-२२ च्या जुन्या यंत्रात स्वस्तातला दुसरा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. पेट न घेणाऱ्या वायूसाठी बनवलेल्या यंत्रात पेट घेणारा वायू घालणं म्हणजे घरात आग आणून ठेवणं.

घर बदलताना एसी काढून न्यायचा असतो, तेव्हाही सावध असावं. सगळा वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करताना नळीतून हवा आत खेचली गेली, तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. सामानाच्या टेंपोवाल्याकडून हे काम करून घेऊ नये.

पाणी तापवणारा हीट पंप

नाशिकच्या भगिनींनो, दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. हिशेब करून पाहू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला साध्या गीझरला सुमारे साडेतीन युनिट लागतात. हीट पंप चांगल्या हवेत त्यातली दोन तृतीयांश उष्णता बाहेरून आणतो, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास काम होतं. महिन्याला साधारण सत्तर युनिट वाचले. तुमच्या बिलावरचा दर लावून रक्कम काढा, आणि यंत्राच्या जादा किमतीला तिने भागा. किती महिन्यांत पैसे सुटतील ते कळेल. हवा फार गार झाली की बचत कमी होते, हेही धरा. गच्चीवर हक्काची उन्हाची जागा असेल, तर सौर बंबाचाही भाव काढा.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरपेक्षा हे यंत्र एका बाबतीत फार बरं. यात ज्योत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा विषारी धूर नाही. गॅस गीझर असलेल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात आंघोळीला गेलेली माणसं परत आली नाहीत, अशा बातम्या आपण दर थंडीत वाचतो.

पण काळजी इथेही लागते. यंत्र गार हवा बाहेर टाकतं, म्हणून ते बंद खोलीत बसवू नये. पाण्याने भरलेल्या दोनशे लिटरच्या टाकीचं वजन दोनशे किलोच्या वर जातं, तेव्हा खालचा आधार तसाच हवा. वाढलेला दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याची नळी कधीही बुजवायची नाही. तिथून थेंब गळतात म्हणून बूच मारणारे मी पाहिले आहेत. ते थेंबच टाकी फुटण्यापासून वाचवतात. टाकीतलं पाणी कोमट ठेवलं तर त्यात रोगजंतू वाढतात, म्हणून ते ६० अंशांपर्यंत तापवून घ्यायची सोय असावी. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर नळाशी गार पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

सोलापूरच्या आईला

आता तुमच्या लेकाचं. सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या वैशाखात आमच्या शेजारच्या इमारतीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर उभा राहून एसीचा कंस ठोकत होता. कमरेला पट्टा नाही. खाली मदतनीस नाही. त्या दिवशी त्याला अजून चार घरं करायची होती. सज्जाचा कोपरा निसटला. जीव वाचला, पण पाठीला दुखापत झाली आणि तो कित्येक महिने अंथरुणावर होता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तो शिकलेला नव्हता, दुसऱ्याबरोबर हिंडून हिंडून तयार झाला होता. पट्टा का लावायचा आणि कशाला बांधायचा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणूनच मी म्हणते, मुलाला जाऊ द्या. पण शिकून जाऊ द्या.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी पास व्हावं लागतं, गणित-विज्ञान हवं. नळी कापणं, वाकवणं, फ्लेअर काढणं, ब्रेझिंग, नायट्रोजनची चाचणी, व्हॅक्यूम, वजनाने वायू भरणं, विजेचं मोजमाप हे सगळं हाताने करून शिकवतात. जोडीला कार्यशाळेतलं गणित आणि विज्ञान असतं. पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. मग १९६१ च्या कायद्याखाली एखाद्या कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते. त्या काळात विद्यावेतन मिळतं, आणि शेवटी वेगळं प्रमाणपत्र. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या तारखांवर नजर ठेवा. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये स्वतः जाऊन चौकशी केलेली बरी.

जो आधीच या कामात आहे पण हातात कागद नाही, त्यालाही वाट आहे. सरकारच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यातही एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तुमच्याकडे येणाऱ्या एसीवाल्याला आयटीआयमध्ये विचारून पाहायला जरूर सांगा.

आतापासून तयारी काय करावी? आमच्या निदेशकांनी सांगितलेल्या चार गोष्टी लिहून देते.

एक, मोजमापं पाठ हवीत. दाब कधी पीएसआयमध्ये, कधी बारमध्ये असतो. तापमान कधी सेल्सिअस, कधी फॅरनहाइट. 'दीड टन' म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता, ती एक टन. म्हणजे साडेतीन किलोवॅट. हे मुलाला कळलं की अर्धी भीती गेली.

दोन, व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांचं गणित. आठवी-नववीच्या विज्ञानातलंच आहे, फक्त ते घरातल्या बल्बवर आणि इस्त्रीवर सोडवायला लावा. वायरींचे रंगही ओळखता यावेत. जुन्या घरांत फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. उपकरणांच्या केबलमध्ये बहुधा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी.

तीन, इंग्रजी पुस्तिका वाचण्याची सवय. वही करून रोज पाच शब्द, समोर मराठी अर्थ आणि बाजूला चित्र. आई म्हणून आपण ही वही तपासू शकतो, त्याला इंजिनीअर असावं लागत नाही.

चार, सुरक्षेचे नियम "का"सकट पाठ हवेत. बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून लगेच हात घालायचा नाही. द्रवरूप वायू अंगावर उडाला तर कातडी गोठते, म्हणून हातमोजे आणि चष्मा. आर-२२ ज्योतीत सापडला तर विषारी वायू तयार होतात, म्हणून नळी रिकामी केल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही. पट्टा पूर्ण अंगाचा हवा, आणि त्याचा दोर पक्क्या खांबाला बांधायचा, खिडकीच्या ग्रीलला नाही. तोंडी परीक्षेत हे विचारतात, आणि पुढे आयुष्यभर हेच उपयोगी पडतं.

मुलींच्या आयांनीही हे वाचावं. माझ्या वर्गातली एक मुलगी हाच ट्रेड करून आज एका रुग्णालयाच्या शीतकरण विभागात नोकरीला आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात, आणि त्या विचारणारं कोणी आलं नाही तर रिकाम्या राहतात.

आपल्या हातात काय आहे?

चैत्र-वैशाखात मेकॅनिकच्या मागे आपणच घाई लावतो. "आजच पाहिजे", "शेजारणीकडे तर कमी पैशांत केलं", "पट्टा-बिट्टा कशाला, दोन मिनिटांचं काम आहे" हे शब्द आपल्याच घरात उच्चारले जातात. त्या मुलाला ते ऐकावे लागतात, कारण त्याला पुढचं घर गाठायचं असतं. दोनशे रुपये आणि एक तास आपण वाचवतो, त्याची किंमत तो मोजतो. म्हणून शक्य असेल तर माघ-फाल्गुनातच एसी बसवून घ्या. गर्दी नसते, काम निगुतीने होतं. त्याला पाणी द्या, उजेड द्या, वेळ द्या. आणि पट्टा नसेल तर शांतपणे सांगा, "भाऊ, काम उद्या झालं तरी चालेल. पट्टा घेऊन या." घरधनीण असं म्हणाली तर त्याला त्याच्या मालकालाही सांगता येतं.

खालचं कात्रण कापून विजेच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. स्वतंत्र लाईन, १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि आरसीसीबी आहे ना?
२. यंत्राच्या पट्टीवर कोणता वायू आणि किती वजन लिहिलंय?
३. बाहेर काम करणाऱ्याच्या अंगावर पट्टा आहे का, आणि दोर कशाला बांधलाय?
४. नायट्रोजनने तपासलं का? सांध्यांना फेस लावला का?
५. व्हॅक्यूम पंप आणलाय का, आणि किती वेळ चालवला?
६. वायू भरला असेल तर वजनकाट्यावर मोजून भरला का?
७. पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडा आहे ना?
८. बिलावर कामाची तारीख, वायूचं नाव आणि मेकॅनिकचं नाव लिहून घेतलं का?

सोलापूरच्या भगिनींनो, मुलाचा निकाल लागला की कळवा. पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीची सफाई आणि क्लोरीन किती घालावं, याबद्दल लिहीन. बऱ्याच जणींनी विचारलंय.